‘मिस’साठी फ्रेंचमध्ये काय म्हणावे?

वेरूळ आणि अजिंठ्याला येणाऱ्या फ्रेंच पाहुण्यांसाठी मार्गदर्शक होऊ पाहणाऱ्या मुलांना मी छत्रपती संभाजीनगरात फ्रेंच शिकवते. ही मुले मराठीत विचार करतात, तो मनातल्या मनात इंग्रजीत आणतात आणि मग इंग्रजीचे फ्रेंच करतात. बहुतेक वेळा त्यात केवळ वेळ जातो. ‘मिस’ या इंग्रजी क्रियापदाच्या बाबतीत मात्र अर्थच उलटा होतो.

माझ्या एका विद्यार्थ्याने दोन दिवस सोबत फिरलेल्या वयस्क फ्रेंच बाईंना निरोपाच्या चिठ्ठीत ‘झ वू मांक’ असे लिहिले होते. ‘झ’ म्हणजे मी, ‘वू’ म्हणजे तुम्ही आणि ‘मांके’ म्हणजे मिस करणे, असा त्याचा सरळ हिशेब होता. चिठ्ठीचा अर्थ मात्र झाला, ‘तुम्हाला माझी फार आठवण येते.’ त्याला लिहायचे होते ‘वू म मांके’.

हे नीट समजून घ्यायचे असेल तर इंग्रजी बाजूला ठेवावे आणि आपल्या पंगतीत जाऊन बसावे. वाढताना आपण म्हणतो, ‘मला दोन भाकरी कमी पडल्या.’ या वाक्यात कमी पडतात त्या भाकरी, म्हणून क्रियापद भाकरींप्रमाणे चालते, आणि ज्याला उणीव भासते तो ‘मला’ होऊन बाजूला बसतो. फ्रेंच ‘मांके’ अगदी असेच वागते. भाकरीच्या जागी माणूस ठेवला की ‘तू मला कमी पडतोस’ असे वाक्य होते, आणि त्याचेच फ्रेंच ‘त्यु म मांक’. मराठीत आपण असे बोलत नाही. आपण ‘तुझी आठवण येते’ किंवा ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ म्हणतो. पण वाक्याचा सांगाडा आपल्या ओळखीचा आहे, आणि इंग्रजीतून येणाऱ्याला जे उलटे वाटते ते आपल्याला सरळ वाटायला हवे.

एकदा हा सांगाडा बसला की पुढची वाक्ये आपोआप सुचतात. पुण्यात शिकणाऱ्या लातूरच्या मुलीला ‘गावाशिवाय करमत नाही’ म्हणायचे असेल तर ‘मों विलाझ म मांक’. आईवडिलांची आठवण येत असेल तर ‘मे पारां म मांक’. येथे क्रियापद अनेकवचनी झाल्यामुळे लिहिताना शेवटी अक्षरे वाढतात, उच्चार मात्र तोच राहतो. आठवण आली होती असे सांगायचे तर ‘त्यु मा मांके’, आणि निरोप घेताना ‘तुझी आठवण येईल’ म्हणायचे तर ‘त्यु वा म मांके’. सर्वनामाऐवजी नाव घ्यायचे असल्यास ‘ला’ या प्रत्ययाचे काम ‘आ’ करतो: ‘लातूर मांक आ सुनीता’, म्हणजे सुनीताला लातूरची आठवण येते. उच्चार करताना अनुस्वार नाकातच ठेवावा, पूर्ण ‘न’ किंवा ‘म’ उमटू देऊ नये.

गाडी चुकते तेव्हा मात्र मराठी सांगाडा उपयोगी पडत नाही, कारण आपण ‘माझी गाडी चुकली’ म्हणतो आणि दोष गाडीवर टाकतो. फ्रेंचमध्ये येथे माणूसच कर्ता असतो. जालन्याला देवगिरी एक्स्प्रेस चुकली तर ‘झे राते ल त्रँ’ म्हणावे. ‘झे मांके ल त्रँ’ हेही बरोबर आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘राते’ अधिक ऐकू येते. हे क्रियापद मूळचे बंदुकीच्या फुसक्या बाराचे आहे. चाप ओढला आणि बार उडालाच नाही, हा त्यातला भाव. म्हणूनच परीक्षेबाबत जपून बोलावे. ‘राते लेग्झामँ’ म्हणजे परीक्षेत नापास होणे. आपण परीक्षेला गैरहजर राहिलो असू तर ‘मांके’ वापरावे. तास बुडवला तरी ‘झे मांके अँ कूर’. मोबाइलवरचा मिस्ड कॉल म्हणजे ‘आपेल मांके’.

मार्गदर्शकाला सर्वांत जपावे लागते ते ‘मिसिंग’ या शब्दाला. कैलास लेण्यातून बाहेर पडताना डोकी मोजली आणि एक कमी भरले, तर ‘ईल मांक युन पेर्सॉन’ म्हणावे. त्याचा अर्थ ‘एक जण कमी आहे’ एवढाच होतो. शब्दकोशात पाहून ‘दिस्पारु’ म्हटले तर माणूस बेपत्ता झाला असा अर्थ होतो, आणि दिवंगतांविषयी बोलतानाही फ्रेंच लोक हाच शब्द वापरतात. तीन तिकिटे कमी असतील तर ‘ईल मांक त्र्वा तिके’.

‘मांके’नंतर ‘द’ आला की अर्थ टंचाईकडे जातो. इंग्रजीत येथे ‘मिस’ चालत नाही, पण मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य लागणारच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ती परिस्थिती पाहुण्यांना सांगताना ‘पाण्याची टंचाई’ असे जड नाम शोधत बसू नये. ‘नू मांकों दो’, आम्हाला पाणी कमी पडते, इतके पुरते.

समोरच्याचे बोलणे निसटले की इंग्रजीत त्यालाही ‘मिस’च म्हणतात. फ्रेंचमध्ये नीट ऐकू आले नसेल तर ‘झ ने पा आंतांदु’ आणि ऐकू येऊनही कळले नसेल तर ‘झ ने पा कोंप्री’ म्हणावे. पाहुणा त्यानुसार एकतर मोठ्याने बोलतो किंवा सोपे करून सांगतो, म्हणून हा भेद पाळावा.

वाक्प्रचारांचे शब्दशः भाषांतर करू नये. ‘मिस द बोट’ म्हणजे संधी हुकणे. फ्रेंच माणसाची नाव नव्हे, घोडागाडी चुकते: ‘राते ल कॉश’. मुद्दाच लक्षात न येणे याला ‘पासे आ कोते द ला केस्त्यों’, म्हणजे प्रश्नाच्या शेजारून निघून जाणे, असे म्हणतात. ज्याच्या नजरेतून काहीच सुटत नाही त्याच्याविषयी ‘र्यँ न ल्वी एशाप’. अपघात होता होता टळला तर ‘ओं ला एशापे बेल’. आपण ‘थोडक्यात वाचलो’ म्हणतो, तेच हे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी चुकवू नका असे सांगताना ‘आ न पा मांके’ हे तयार शब्द आहेत.

इंग्रजी ‘मिस’शी ज्याचा काहीच संबंध नाही असाही एक प्रयोग येथे शिकून घ्यावा, कारण तो जणू मराठीतूनच गेला आहे. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ बंद असते, हे न पाहता आखलेला दौरा, बंद दार, भर उन्हाळा आणि त्यात गाडी पंक्चर. अशा वेळी आपल्या तोंडून ‘आता एवढेच बाकी होते!’ असे निघते. फ्रेंच माणूस नेमके तेच म्हणतो: ‘ईल न मांके प्लु क सा!’