हात आवरा: ब्लॅक बायकांचे केस आणि आपली माणसं

मी अमेरिकेत बॉल्टिमोरजवळच्या एका रुग्णालयात ईईजी काढते, म्हणजे मेंदूत चाललेल्या विजेचा आलेख. त्यासाठी पेशंटच्या डोक्यावर २१ इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात. थोडक्यात, परक्या माणसांच्या केसांत बोटं घालायचा मला पगार मिळतो, आणि आमच्याकडे येणाऱ्यांत ब्लॅक बायका पुष्कळ असतात. त्यामुळे भारतातून कुणी नवं आलं की एक फोन ठरलेला. कधी भाचीच्या मैत्रिणीचा, कधी सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या एखाद्या काकूंचा. "अगं, किती छान म्हणून नुसता हात लावला, तर एवढं काय झालं तिला?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मुख्य नियम सोपा आहे: ब्लॅक बाईच्या केसांना हात लावायचा नाही. आणि "लावू का?" असंही विचारायचं नाही.

दुसऱ्या भागावर सगळे अडतात. परवानगी मागितली म्हणजे आपण सभ्य, असं आपल्याला वाटतं. पण जरा तिच्या जागी बसा. टेबलाभोवती पाच-सहा सहकारी, मॅनेजर समोर, आणि तुम्ही हसत विचारताय. ती हो म्हणाली तर नको असलेला हात डोक्यावर येणार. नाही म्हणाली तर "हिला राग फार लवकर येतो" हा शिक्का बसणार, जो ब्लॅक बायकांवर अमेरिकेत तसाही तयारच ठेवलेला असतो. त्यात तुम्ही विचारणारे पहिले नसता. सकाळी लिफ्टमध्ये एकाने विचारलेलं असतं, शनिवारी दुकानात एकीने न विचारताच बोट फिरवलेलं असतं. जवळची मैत्रीण आपणहून म्हणाली, "बघ ना हात लावून, किती मऊ झालेत," तर जरूर लावा. सुरुवात तिची हवी.

ज्यांना हात लावावाच लागतो, त्यांच्यासाठी

नर्स, फिजिओ, ब्युटी पार्लरवाल्या, डे-केअरमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुली, हे तुमच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा. कामाचा हातसुद्धा किती जपून टाकावा लागतो ते कळेल.

ईईजीत नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने माप घ्यायचं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत घ्यायचं, आणि त्या हिशोबाने ग्रीस पेन्सिलीने खुणा करायच्या. प्रत्येक खुणेवर केस बाजूला करून त्वचा घासायची, पेस्ट लावायची, इलेक्ट्रोड दाबायचा. ही सगळी पद्धत सरळ, पातळ केस डोळ्यांसमोर ठेवून बसवलेली आहे. दाट, घट्ट वळ्यांचे केस इलेक्ट्रोडला वर उचलतात, त्वचेशी संपर्क सुटतो आणि आलेख खराब येतो. मग पुष्कळ ठिकाणी सरळ सांगतात: वेण्या सोडून या. खुर्चीत सहा-सहा तास बसून, दोनशेच्या वर डॉलर मोजून घातलेल्या वेण्या वीस मिनिटांच्या तपासणीसाठी सोडायच्या! काही बायका मग तपासणीलाच येत नाहीत, आणि फाइलवर शेरा पडतो, "पेशंट सहकार्य करत नाही."

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अर्नेल एटिएन या विद्यार्थिनीने यावर फार सुंदर तोड काढली. डोक्यालगत घातलेल्या बारीक वेण्यांना कॉर्नरोज म्हणतात. त्या इलेक्ट्रोडच्या जागांच्या हिशोबाने घातल्या तर मधल्या भांगांत त्वचा आपोआप उघडी मिळते. त्या वेण्यांखाली अडकून दाबून बसतील असे इलेक्ट्रोड तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बनवले. केस अडचण आहेत असं न धरता केसांचाच आधार घेतला. सगळीकडे ते मिळत नाहीत, आमच्याकडेही नाहीत. पण तपासणीआधी पेशंटला फोन करून "वेण्या घालणारच असाल तर अशा भांगाने घाला" एवढं सांगता येतं, आणि त्याला खर्च शून्य.

खोलीत माझी पद्धत अशी. आधी पेशंटच्या समोर, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर बसते. मागून कधीच सुरुवात करत नाही. टेप, पेस्ट, पेन्सिल दाखवते. "मी आता मधोमध भांग पाडणार आहे. तुमच्या हाताने पाडलेला चालेल की मी पाडू?" असं विचारते. बऱ्याच जणी स्वतः पाडून देतात, आणि माझ्यापेक्षा दसपट नीट. विग असेल तर तो काढताना मी पाठ फिरवते आणि दाराला पडदा आहे ना ते आधीच पाहून ठेवते. हात उचलायच्या आधी दर वेळी काय करणार ते बोलते. आणि केसांबद्दल एक अक्षर बोलत नाही, कौतुकाचंही नाही. तिचं डोकं माझ्या हातात असताना ते ऐकून घेण्यावाचून तिला इलाज नसतो. संपल्यावर कोमट पाण्याचा कपडा देते. पेस्ट पाण्यानेच निघते, पण ती वेण्यांच्या मुळाशी राहिली तर पांढरी दिसते, म्हणून आरसा दाखवते. हे सगळं करायला पाच मिनिटं जास्त लागतात. वरिष्ठ कुरकुरले तर मी सांगते, या जास्तीच्या पाच मिनिटांमुळे आलेख स्वच्छ येतो, पुन्हा काढावा लागत नाही.

"पण आपल्याकडे तर लावतातच की"

लावतात. लग्नात मागच्या रांगेतली काकू तुमचा शेपटा हातात घेऊन वजन केल्यासारखा तोलते आणि विचारते, "तेल कुठलं गं?" मला तेही कधी आवडलं नाही, पण ते असो. त्या काकूच्या आजीने माझ्या आजीला बाजारात उभं करून, दात-दंड तपासून विकत घेतलेलं नव्हतं. अमेरिकेत हे झालेलं आहे. गुलामांच्या लिलावात गिऱ्हाईक हाताने चाचपून माल बघे, आणि माल म्हणजे माणूस. दक्षिण आफ्रिकेतल्या सारा बार्टमनला १८१० मध्ये लंडनला आणून तिच्या शरीराचा तमाशा मांडला होता, पैसे देऊन लोक बघायला येत. ती १८१५ मध्ये पॅरिसला वारली, आणि तिचे अवशेष मायदेशी पोचायला २००२ साल उजाडलं.

केसांचा इतिहास तर आणखी वेगळा. १७८६ मध्ये, तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या लुईझियानात, गव्हर्नर मिरोने फर्मान काढलं की मुक्त कृष्णवर्णीय बायकांनी केशभूषा मिरवायची नाही, डोकं फडक्याने झाकायचं. बायकांनी फडकीच अशी रंगीबेरंगी आणि अशा डौलात बांधली की फर्मानाचं हसं झालं. न्यू जर्सीत, जिथे आपली निम्मी गावं भरलीत, डिसेंबर २०१८ मध्ये एका शाळकरी कुस्तीगीराला पंचाने सांगितलं, केस काप नाहीतर कुस्ती सोड. आखाड्याशेजारी, सगळ्यांदेखत त्याचे केस कापले. वर्षभरात त्या राज्याने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. 'क्राउन ॲक्ट' म्हणतात तो हाच. पहिला कॅलिफोर्नियाने जुलै २०१९ मध्ये केला होता. विमानतळावर ब्लॅक बायकांच्या केसांत बोटं घालून झडती घेण्यावरही तक्रारी झाल्या, आणि २०१५ मध्ये तिथल्या सुरक्षा यंत्रणेने कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं कबूल केलं. म्हणजे बघा, तुमचं बोट निरागस असेलही, पण ते ज्या रांगेत जाऊन उभं राहतं ती रांग लांब आहे.

कुतूहल इथे भागवा

तिला विचारू नये असे प्रश्न मला विचारलेत असं समजा.

धुतात का? धुतात. आठवड्याने किंवा पंधरा दिवसांनी, आणि त्याला अर्धा दिवस जातो. घट्ट वळ्यांच्या केसांत त्वचेतलं तेल टोकापर्यंत उतरत नाही, त्यामुळे ते कोरडे पडतात. रोज शाम्पू केला तर तुटतील. रात्री सॅटिनची टोपी घालतात, कारण सुती उशी ओलावा ओढून घेते.

परवा खांद्यापर्यंत होते, आज कानाशी कसे? ओले झाले की वळ्या आकसतात. ताणून मोजलेली लांबी आणि दिसणारी लांबी यांत दुपटीहून जास्त फरक पडू शकतो.

खरे आहेत का? हा प्रश्न विचारणाऱ्याने तिरुमलाच्या डोंगरावर जाऊन यावं. तिथे वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि ते जगभर विग नि जोडकेसांसाठी जातात. तिने लावलेले केस कदाचित आपल्याच एखाद्या बाईच्या नवसाचे असतील. आता बोला.

ती जटा आहे का, अंगात येतं का? नाही. आपल्याकडची जट वेगळी. ती भीतीपोटी वाढू देतात आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते समजावून कापतात. ब्लॅक बायकांच्या दोरखंडासारख्या बटांना लॉक्स म्हणतात, त्या मुद्दाम वळून, वाढवून, धुऊन-पुसून राखलेल्या असतात.

हात लावला तर बिघडतं काय? बिघडतं. रात्रभर पीळ घालून ठेवलेल्या केसांची सकाळी एकेक वळी सुटी केलेली असते. त्यात बोटं घालणं म्हणजे नुकत्याच काढलेल्या रांगोळीवरून पदर फिरवणं.

कौतुक करायचंच तर "छान दिसतंय" म्हणा आणि पुढचं बोला. दर सोमवारी नवी ठेवण दिसली की "अय्या, ओळखूच आली नाहीस!" हे नको. खोबरेलाचे, मेथ्यांचे, कांद्याच्या रसाचे सल्लेही नकोत. खोबरेल त्यांच्याकडे आहे. आणि समोर उभं राहून मराठीत "काय तो टोपला!" म्हणायचं तर मुळीच नाही. नजर आणि सूर कळायला भाषा यावी लागत नाही.

ब्लॅक सून घरात येत असेल तर

आमच्या नात्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला असं लग्न झालं, नवरी अटलांटाची. तयारीतल्या कामाच्या गोष्टी सांगते. मुंडावळ्यांचा फोटो आणि माप तिच्या केशरचनाकाराला महिनाभर आधी पाठवा. कपाळावर त्या कशा टिकवायच्या ते तीच ठरवेल. केस आपल्या पार्लरवालीकडे सोपवू नका, कितीही "मी करते सगळे टाइप" म्हणाली तरी. हळदीत डोक्याला तेल लावायची आपली रीत, तिथे आधीच ठरवा: गाल, हात, पाय, बस्स. डोक्याला ती रुमाल बांधेल. अक्षता खांद्याखाली टाका असं भटजींनाच माइकवरून सांगायला लावा. कुरळ्या केसांत शिरलेला तांदूळ एकेक करून वेचावा लागतो, आणि तो नवरीच्या बहिणीला रिसेप्शनच्या आधी बाथरूममध्ये उभं राहून वेचावा लागतो.

आणि एक माणूस मावश्या-माम्यांवर नेमून ठेवा. तिथे ते काम माझ्याकडे होतं. घाटकोपरच्या मामी "बघू गं पोरी" म्हणत हात उचलून निघाल्या, तशी मी मध्ये जाऊन त्यांच्या दोन्ही हातांत पेढ्यांचं ताट दिलं. "मामी, तुम्हीच वाटा, तुमच्यासारखं कोणाला जमत नाही." संध्याकाळपर्यंत वाटत होत्या.

लहान मुलांचं थोडक्यात. दुकानाच्या गाडीत बसलेल्या पोराने पुढच्या बाईची वेणी धरली, तर त्याची बोटं सोडवा, तिची माफी मागा, आणि "लहान आहे हो" म्हणून हसू नका. घरी त्याला सांगा की दुसऱ्याचं डोकं त्या दुसऱ्याचं असतं. तुमच्या मुलीच्या लांब वेणीला शाळेत कोणी हिसडा दिला तर तुम्ही जे सांगाल, तेच.

हात लागून गेलाच असेल तर "सॉरी, मी असं करायला नको होतं," एवढं एक वाक्य. आमच्याकडे चालतं, मी प्रेमाने केलं, माझ्या मनात तसं काही नव्हतं, ही पुरवणी जोडू नका. त्यावर तिलाच तुमची समजूत काढावी लागते. ती काही न बोलता निघून गेली तर जाऊ द्या.

ऑफिसात दुसरं कोणी हात लावताना दिसलं, तर भाषण नको. "मीटिंग सुरू होतेय, चला," म्हणत मध्ये उभं राहिलं तरी हात खाली येतो. लावणारा आपलाच देशी असेल तर नंतर बाजूला घेऊन मराठीत किंवा हिंदीत स्वच्छ सांगा. आपल्याच माणसाचं ऐकलं जातं. आणि तिच्या टेबलाशी जाऊन "बघितलंस, मी कसं सोडवलं तुला," असं काही म्हणू नका. तिला तिचं काम करू द्या.