सीएमएस निवडताना बुधवारची रात्र धरून चाला

मोठ्या संस्थेत ओपन सोर्स सीएमएस, म्हणजे वेबसाइटवर मजकूर टाकायचं-सांभाळायचं, कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, घ्यायचं ठरलं की पहिली बैठक एकाच वादात संपते: वर्डप्रेस की ड्रुपल? हा प्रश्न शेवटी ठेवा. अमेरिकेच्या व्हाइट हाउसने 2009 मध्ये ड्रुपल घेतलं आणि 2017 मध्ये तीच साइट वर्डप्रेसवर नेली. साइट दोन्हीवर चालली. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने ड्रुपलवरच 'गव्हसीएमएस' उभं करून आपल्या खात्यांना वापरायला दिलं, तर जर्मनीत टायपो3 हे तिसरंच सीएमएस चांगलं रुळलंय. सॉफ्टवेअर सगळीच चालतात. आपल्याकडे ती चालवणार कोण, तिथून सुरुवात करा.

मी एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट सांभाळते. कॉलेजं, वसतिगृहं, परीक्षा विभाग, प्रत्येकाचं पान वेगळं आणि प्रत्येकाचा रुसवाही वेगळा. म्हणून आधी कागदावर लिहा: मजकूर कोण टाइप करतं, तपासतं कोण, 'टाका' असं कोण म्हणतं. हे साहेबांना विचारू नका, ते नियमात असतं तसं सांगतील. टेबलावरच्या क्लार्कना विचारा.

मग डेमो. विक्रेत्याच्या माणसाला कीबोर्डपासून लांब बसवा आणि परीक्षा विभागातल्या मॅडमना पुढे करा. त्यांना एक परिपत्रक टाकू द्या: शीर्षक, जावक क्रमांक, तारीख, सोबत पीडीएफ. टाकून झालं की म्हणा, तारीख चुकली, दुरुस्त करा. पण जुनी प्रतही राहू द्या, उद्या कोणी माहिती अधिकारात मागेल. चकचकीत सादरीकरणात न दिसणारं सगळं इथे पंधरा मिनिटांत बाहेर येतं. वर्डप्रेसमध्ये 'काँट्रिब्युटर' या भूमिकेला लिहिता येतं, प्रसिद्ध करता येत नाही. क्लार्कसाठी हेच हवं, असं वाटतं. पण त्या भूमिकेला फाइलही चढवता येत नाही, म्हणजे परिपत्रक आहे आणि पीडीएफ नाही! प्लगइन (वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून किंवा भूमिका बदलून हे सुटतं, पण निविदेआधी कळलेलं बरं. ड्रुपलमध्ये भूमिका हव्या तशा बनवता येतात आणि मसुदा, प्रसिद्ध, संग्रहित अशा पायऱ्यांची सोय मूळ पॅकेजमध्येच आहे. त्याचा फॉर्म मात्र नवख्या माणसाला घाबरवतो. नको त्या रकान्यांना लपवून तो आटोपशीर करायचं काम करारात वेगळं लिहून घ्या.

मराठीची चाचणी स्वतः घ्या, विक्रेता घेणार नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली वर्ड फाइल चिकटवून पाहा. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर रूपांतर कोण करणार ते ठरवा. मराठी शीर्षकावरून लिंक आपोआप तयार होऊ दिली तर ती व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन जाऊ शकते. लिंक रोमन लिपीत बनवायची सोय लावून घ्या. आणि पानाची भाषा हिंदी नव्हे, मराठी अशीच नोंदवलेली हवी. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात ते त्या नोंदीमुळेच.

सरकारी किंवा निमसरकारी असाल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणीचा खर्च आधीच धरा.

आता बुधवार. ड्रुपलच्या सुरक्षा दुरुस्त्या ठरल्याप्रमाणे बुधवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. 15 ऑक्टोबर 2014 ला अशीच एक गंभीर दुरुस्ती आली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितलं की घोषणेपासून सात तासांत सातव्या आवृत्तीवरची जी साइट दुरुस्त झाली नाही ती फोडली गेली असंच समजा. भारतीय वेळेने ते सात तास म्हणजे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार. आपला एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा कंत्राटदार, 'सोमवार ते शुक्रवार, दहा ते सहा' असा असेल तर त्या रात्री काय होईल? म्हणून देखभालीच्या करारात 'आवश्यक ते अपडेट' असलं गुळमुळीत वाक्य ठेवू नका. गंभीर दुरुस्ती किती तासांत, कोणत्या फोनवर, आणि आधी बॅकअप कोण घेणार, हे लिहा.

आवृत्ती संपण्याची तारीखही विचारून घ्या. ड्रुपलची सातवी आवृत्ती जानेवारी 2011 मध्ये आली, तिचा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 ला संपला. मधे मुदतवाढही मिळाली. तिथून पुढच्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळपास नवीन साइट बांधणंच होतं. सॉफ्टवेअर फुकट म्हणून अर्थसंकल्पात शून्य लिहिणाऱ्या लेखा विभागाला ही तारीख दाखवा.

प्लगइनच्या बाबतीत मी हट्टी आहे. शेवटचा बदल कधी झाला, सांभाळणारे किती, ड्रुपल असेल तर सुरक्षा गटाची ढालीची खूण त्या मॉड्यूलच्या (ड्रुपलमध्ये प्लगइनला हेच म्हणतात) पानावर आहे का, एवढं पाहिल्याशिवाय काहीही बसवायचं नाही. होळीला रंग उडवणारं प्लगइन मागायला कोणीतरी येतंच. नाही म्हणा.

डोमेन, सर्व्हर आणि कोडची रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) संस्थेच्या नावावर हवी, विक्रेत्याच्या कर्मचाऱ्याच्या जीमेलवर नको. आणि आस्थापना विभागाच्या कार्यमुक्ती फॉर्मवर एक ओळ वाढवून घ्या: 'वेबसाइटचे खाते बंद केले, सही'. बदलून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच्या जागी आलेला माणूस वापरत बसतो, आणि मग परिपत्रक कोणी बदललं ते बदलांच्या नोंदीत पाहूनही कळत नाही.