रडारवर झोप मोजताना आधी माणसं वेगळी काढा

रडारच्या सिग्नलवरून झोपेच्या अवस्था ओळखायला मॉडेल शिकवताय आणि पहिल्याच आठवड्यात ९५ टक्के अचूकता आली तर हुरळून जाऊ नका. मॉडेल बहुधा झोप ओळखत नसतं, झोपलेला माणूस ओळखत असतं.

हिशोब मांडून बघा. २० माणसं, प्रत्येकाची ८ तासांची एक रात्र, ३० सेकंदांचा एक तुकडा, म्हणजे एपॉक, आणि प्रत्येकाला झोपेच्या अवस्थेचं लेबल. म्हणजे माणशी ९६०, एकूण १९,२००. हे सगळे पत्त्यांसारखे पिसून ८० टक्के शिकवायला (ट्रेनिंग) आणि २० टक्के तपासायला (टेस्ट) वाटले, की टेस्टमधल्या बहुतेक एपॉकचा शेजारी ट्रेनिंगमध्ये जाऊन बसतो. आता झोपेची अवस्था काही दर ३० सेकंदांना पालटत नाही. श्वासाची ढब आणि गादीवरून परत येणारी लहर यांवरून माणूस हेरायचा आणि शेजारच्या एपॉकचं लेबल उतरवायचं, एवढ्यावर मॉडेल पास होतं. चक्क कॉपी.

म्हणून वाटणी माणसांवर करा. सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीतलं 'ग्रुप-के-फोल्ड' (GroupKFold) त्यासाठीच आहे. एकाच माणसाच्या दोन रात्री असतील तर गट माणसाचा धरा, रात्रीचा नव्हे. फीचर (मॉडेलला द्यायची मापं) निवडणं आणि स्केलिंगसाठीची, म्हणजे ती एका पट्टीवर आणण्यासाठीची, सरासरी काढणं हेही फक्त ट्रेनिंगच्या माणसांवर. एवढं केलं की आकडा गडगडतो. गडगडू द्या. एन-१ अवस्थेवर (डोळा लागतानाची सर्वांत हलकी झोप) तर पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे लेबलं जिच्यावरून ठरतात ती मेंदू-श्वासाची रात्रभराची नोंद, वाचणाऱ्या तज्ज्ञांचंही बऱ्याचदा एकमत होत नाही. आणि नुसती अचूकता छापू नका: प्रौढांची साधारण निम्मी झोप एन-२ (त्यापुढची हलकी झोप) असते, डोळे मिटून सगळीकडे 'एन-२' म्हटलं तरी निम्मे गुण मिळतात. सोबत कोहेनचा कॅपा (kappa) द्या, म्हणजे योगायोगाने जुळलेलं वजा करून उरलेली जुळणी. त्या आंधळ्या उत्तराला तिथे शून्य मिळतं.

मार्गदर्शक आधी मॉडेलचं नाव विचारत असेल आणि वाटणीबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर सल्ला दुसरीकडेही घ्या.

रडारच्या चिपमधून तयार मिळणाऱ्या हृदयगतीवर विसंबू नका, कच्चा आय-क्यू डेटा (परत आलेल्या सिग्नलचे दोन मूळ घटक) साठवा. ६० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ५ मिलिमीटर. लागोपाठच्या दोन नमुन्यांमध्ये छाती १.२५ मिलिमीटरहून जास्त सरकली की फेज (लहर आवर्तनाच्या कुठल्या टप्प्यात आहे ते; त्यावरूनच छातीची हालचाल कळते) उलगडताना चुकते. कूस बदलताना हे हमखास होतं. तो तुकडा फेकू नका, 'हालचाल' म्हणून खूण करा. जाग ओळखायला तोच कामी येतो. श्वास मिनिटाला १५ आणि ठोके नेमके ६० दिसले तर आधी संशय घ्या, तो श्वासाचा चौथा हार्मोनिक, म्हणजे चौपट वेगाचा पडसाद, असू शकतो.

रडार आणि पॉलिसोम्नोग्राफी या दोन्ही यंत्रांची घड्याळं जुळवायला रात्रीच्या सुरुवातीला आणि शेवटी तीनदा १०-१० सेकंद श्वास रोखायला सांगा. रडारवर आणि पॉलिसोम्नोग्राफीच्या छातीवरच्या पट्ट्यावर तेच तीन सपाट तुकडे दिसतात. मिनिटभराचा फरक राहिला तर प्रत्येक लेबल दोन एपॉक सरकलेलं असतं, आणि मॉडेल कितीही बदललं तरी ते जागेवर येत नाही.