थंडीच्या पहाटे मोटरसायकल चालवताना: बोटं, काच आणि उसाची ट्रॉली

नोव्हेंबर लागला की कृष्णाकाठाला थंडी आणि कारखान्यांचा गळीत हंगाम बरोबरच येतात. आमच्या तासगाव-पलूस पट्ट्यात पहाटे साडेपाचला मोटरसायकल काढणारे कमी नाहीत. कुणी डेअरीला दूध घालायला निघतो, कुणी पहिल्या पाळीला, कुणी एसटी गाठायला. मीही सात हिवाळे पहिल्या पाळीला 22 किलोमीटर गाडीवर जातोय. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून थंडीत गाडी चालवण्याचा वेगळा विचार कुणी करत नाही. पण बोटं गारठली की ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि धुक्यात उभी ट्रॉली अंगावर येईपर्यंत दिसत नाही. मला खरी भीती वाटते ती या दोन गोष्टींची.

आदल्या रात्रीची दहा मिनिटं

तापमान 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआयनं कमी होते. म्हणजे दिवाळीच्या आधी भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. दर पंधरा दिवसांनी, टायर गार असतानाच हवा तपासा. मग हेडलाइट आणि मागचा लाल दिवा ओल्या फडक्यानं पुसा. गाडी भिंतीकडे पाठ करून लावा, ब्रेक दाबा आणि भिंतीवरचा लाल उजेड वाढतो का ते बघा. मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून टाका, फार खर्च येत नाही.

हेल्मेटच्या काचेला आतून भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब बोटानं पसरवा आणि मऊ, कोरड्या फडक्यानं काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसा. त्यानं श्वासाची वाफ काचेवर धरत नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करावं लागतं.

कपडे: आधी वारा अडवा

हवा 10 अंश असेल आणि गाडी 60 च्या वेगात असेल, तर उघड्या कातडीला ती 5 अंशांसारखी लागते. हातानं विणलेला स्वेटर कितीही जाड असला तरी त्यातून वारा आरपार जातो. म्हणून बनियन, स्वेटर आणि सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट असं घाला. पावसाळ्यातला रेनकोटही चालतो, तो माळ्यावर टाकू नका. जाकीट घरी राहिलं तर स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घाला. आमच्या वडिलांची पिढी हेच करायची आणि ते खरंच लागू पडतं.

लोकरीचे हातमोजे गाडीवर नकोत. वारा आत शिरतो आणि मुठीवरून हात सटकतो. आतून अस्तर असलेले चामड्याचे घ्या आणि दुकानातच ते घालून क्लच, ब्रेक, इंडिकेटर दाबून बघा. मफलरची टोकं जाकिटाच्या आत खोचा. मागे बसणाऱ्या बाईची शाल आणि पदर निघण्याआधी स्वतः तपासा, कारण चाकात गेलेलं कापड सोडवायला वेळ मिळत नाही.

पहिले तीन-चार किलोमीटर

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला चोक द्या आणि इंजिन लागलं की तो परत बंद करा. 2020 नंतरच्या बहुतेक गाड्यांना चोक नसतोच, त्या अर्धा मिनिट संथ चालू ठेवल्या तरी पुरे. गार टायरची पकड कमी असते, त्यात दव पडून रस्त्यावरची धूळ आणि शेतातून आलेली माती निसरडी झालेली असते. पांढरे पट्टे आणि पुलाचे लोखंडी सांधे तर विशेष. त्यावर गाडी तिरकी करू नका, ब्रेकही दाबू नका. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण नसलेली पकड तो आणत नाही.

धुकं आणि ट्रॉली

धुक्यात अप्पर मारू नका. उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. डिपरवर चला, काच बोटभर उघडी ठेवा. वेग ठरवायला विजेचे खांब बघा, दोन खांबांत साधारण पन्नासेक मीटर अंतर असतं. ओल्या रस्त्यावर 60 च्या वेगात गाडी थांबायला जवळजवळ तेवढंच अंतर लागतं. म्हणून पुढचा खांब दिसेनासा झाला की मी 30 वर येतो. पुढच्या गाडीचा लाल दिवा धरून मागोमाग जाऊ नका, ती गाडी चुकली तर आपणही तिच्याबरोबर चुकतो.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत पूल ओलांडून शंभरेक मीटर गेलो असेन, चाकाखाली काहीतरी कटकन मोडलं. उसाचं कांडं होतं. थोडं पुढे आणखी एक, मग वाढ्यांचा झुपका. मी ॲक्सिलेटर सोडला, आणि दहा-बारा मीटरवर उसाची काळी भिंतच उभी राहिली. पंक्चर झालेली ट्रॉली, मागे एक दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, चाकाला फक्त एक दगड. त्या दिवसापासून रस्त्यावर ऊस दिसला की पुढे ट्रॉली आहे असंच मी धरतो आणि वेग निम्मा करतो. तुम्हीही तसंच करा.

एका ट्रॅक्टरला बहुधा दोन ट्रॉल्या असतात. पहिली मागे टाकली की पुढे दुसरी असते, म्हणून पूर्ण रस्ता मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको. बाजूनं ऊस बाहेर आलेला असतो, तेव्हा हातभर जास्त अंतर ठेवा. पाचट पेटवलेल्या शेताजवळ धूर आणि धुकं एक होतं. तिथं समोरचं दिसेना तर आत शिरू नका, डांबराच्या पूर्ण बाहेर उतरून थांबा.

थांबायचं कधी

दात वाजायला लागले, ब्रेकवरचं बोट आपलं वाटेना, की पहिल्या चहाच्या टपरीला गाडी लावा. गरम ग्लास दोन्ही तळहातांत धरा. निघण्याआधी एकेक बोट अंगठ्याला टेकवून बघा. करंगळी टेकत नसेल तर अजून पाच मिनिटं बसा, गाडी तेवढा वेळ तिथंच उभी राहू दे.