उन्हाळ्यातील ऑनलाइन विक्री: तोडणी आणि गारवा जमेल तेवढीच ऑर्डर घ्या

ऊन तापू लागले की ग्राहकांना थेट ऑनलाइन माल देणाऱ्या शेतकऱ्यांनी पहिला बदल मोबाईलवरच्या यादीत करावा. शेतात माल किती उभा आहे यावरून यादीतला आकडा ठरवू नका. ऊन चढायच्या आत किती तोडून होईल आणि त्यातला किती गार करता येईल, तेवढाच टाका. हिवाळ्यात कमी पडलेला माल दुपारी तोडून भरून काढता येतो. उन्हाळ्यात दुपारी तोडलेली पालेभाजी ग्राहकाच्या दारात पोहोचेपर्यंत मान टाकते.

भाजी तोडल्यावरही तिचे श्वसन चालूच असते. तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो आणि टिकाऊपणा झपाट्याने घटतो. सोबत पाणीही उडून जाते. म्हणून वजन शेतात न करता माल गार झाल्यावर, पॅकिंगच्या वेळी करा.

ऑर्डर आदल्या संध्याकाळीच बंद करा. रात्री तोडणीची यादी ग्राहकवार न करता पीकवार बनवा. सकाळी आधी पालेभाज्या, मग काकडी, भेंडी, आणि टोमॅटो शेवटी. भरलेले क्रेट बांधावर उन्हात राहू देऊ नका. क्रेटच्या मधोमध हात घालून पाहा: वरचा थर गार लागला तरी आत ऊब असते. क्रेट एकमेकांवर घट्ट न रचता सावलीत, वारा खेळेल असे ठेवा. पालेभाजी पिण्यायोग्य गार पाण्यात बुडवून, पूर्ण निथळवून मगच भरा.

टोमॅटोला मात्र हा उपाय चालत नाही. तापलेला टोमॅटो थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खुणेतून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्यातले जंतू फळाच्या आत पोहोचतात. बाहेरून काही दिसत नाही, पण ग्राहकाच्या घरी फळ सडते. टोमॅटो सावलीत आणि वाऱ्यावरच गार करा. 30 अंशांच्या वर त्याला लाल रंगही नीट धरत नाही, पिवळट-केशरीच राहतो. खालच्या टोकाला गुलाबी छटा दिसताच तोडा आणि 20 ते 25 अंशांच्या आसपास पिकू द्या.

थेट विक्रीत एका घरासाठी सगळे एकाच खोक्यात भरायचा मोह होतो. पण पिकलेले टोमॅटो आणि खरबूज यांतून इथिलीन वायू बाहेर पडतो, त्याने पालेभाजी आणि काकडी पिवळी पडते. ती वेगळी भरा. फ्रीज असेल तर पालेभाज्या खुशाल 0 ते 2 अंशांवर ठेवा. काकडी, वांगी आणि टोमॅटो मात्र 10 अंशांच्या खाली नेऊ नका, थंडीने त्यांवर खोलगट डाग पडतात. ही माहिती खोक्यात चिठ्ठीवर लिहून ग्राहकालाही द्या. घरच्या फ्रीजमध्ये बिघडलेल्या मालाची तक्रारही आपल्याकडेच येते.

उन्हाळ्यात किडींचा जोर वाढतो, फवारण्याही वाढतात. औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी यांत जितके दिवस सांगितले आहेत, तितके दिवस ते पीक यादीतून काढून ठेवा. ऑर्डर कितीही मोठी असली तरी यात एका दिवसाचीही सूट घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढचा अंदाजही आताच बांधायला हवा. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोची फुलगळ होते. फूल ते पिकलेले फळ यात साधारण सहा ते सात आठवडे जातात. म्हणजे आज गळलेल्या फुलांची तूट तेव्हा यादीत दिसेल. फुलगळ दिसली की तारीख लिहून ठेवा, नियमित ग्राहकांना आधीच कळवा आणि त्या आठवड्यांसाठी भेंडी, गवार यांसारखी उष्णता सोसणारी पिके लगेच पेरा.