बँकॉकला पहिल्यांदाच जाताय? या चुका टाळा

मुंबईहून बँकॉकचे विमान साधारण चार-साडेचार तासांत पोहोचते, तिथली वाहनेही आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, आणि सुवर्णभूमी या विमानतळाच्या नावापासून आतल्या समुद्रमंथनाच्या भव्य शिल्पापर्यंत बरेच काही ओळखीचे वाटते. पहिल्यांदा जाणारा प्रवासी बहुधा या ओळखीमुळेच गाफील राहतो आणि फारशी माहिती न घेता निघतो.

पहिली चूक घरीच होते. मुंबई-पुण्याहून निघणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतरची असतात, त्यामुळे तिकिटावर 14 तारीख आणि वेळ 00:40 असेल, तर 13 तारखेच्या रात्रीच विमानतळावर असावे लागते. असे विमान सकाळी लवकर उतरते आणि बहुतेक हॉटेलांची खोली मात्र दुपारी दोनच्या सुमारास मिळते. तेव्हा सामान हॉटेलात ठेवून बाहेर पडण्याची तयारी हवी, किंवा आदल्या रात्रीचेही भाडे भरावे लागते. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले असल्याने ओळखीच्या माणसाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये. निघण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर ते तपासावेत. 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरता येते आणि त्याला एक पैसाही लागत नाही. या कार्डासाठी शुल्क मागणारे संकेतस्थळ सरकारी नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

सर्वांत महागात पडणारी चूक मात्र हॉटेल निवडताना होते. ‘सुखुमवित रस्त्यावर, सोय क्रमांक अमुक’ असा पत्ता वाचून आपण तो नकाशावर अंदाजाने ठरवतो. सोय म्हणजे मुख्य रस्त्याला फुटलेली गल्ली. या गल्ल्यांचे विषम क्रमांक रस्त्याच्या एका बाजूला आणि सम क्रमांक दुसऱ्या बाजूला असतात, पण दोन्ही बाजूंचे आकडे बरोबरीने वाढत नाहीत. थाँग लो या रेल्वे स्थानकाजवळ सोय 55 च्या आसपास समोर सोय 38 येते, आणि एक्कमाईजवळच्या सोय 63 समोर सोय 42. म्हणून 40 आणि 41 या गल्ल्या समोरासमोर असतील असे गृहीत धरणारा माणूस उन्हात बॅगा ओढत बसतो. शिवाय काही गल्ल्या एक-दोन किलोमीटर आत जातात, त्यामुळे पत्त्यात ‘सुखुमवित’ असले तरी स्थानक जवळ असेलच असे नाही. माझ्या मते हॉटेलच्या खोलीपेक्षा स्थानकापासूनचे पायी अंतर आधी पाहावे आणि ते दहा मिनिटांपेक्षा जास्त असेल, तर स्वस्त भाड्याचा मोह सोडावा. संध्याकाळच्या वाहतूक कोंडीत तीन किलोमीटरला पाऊण तास लागणे या शहरात नवलाचे नाही.

रेल्वेचे जाळे उत्तम आहे, पण ते एकाच संस्थेचे नाही. उंचावरून धावणारी बीटीएस 1999 मध्ये आणि भुयारी एमआरटी 2004 मध्ये सुरू झाली. दोन्हींची तिकिटे वेगळी आहेत आणि जिथे गाडी बदलायची, तिथे स्थानकांची नावेही वेगळी आहेत: बीटीएसचे असोक म्हणजे एमआरटीचे सुखुमवित, आणि साला देंग म्हणजे सी लोम. प्रभादेवी आणि परळ ही दोन नावे एका पुलाने जोडलेली आहेत हे ठाऊक असलेल्या मुंबईकराला यात अवघड काही नाही. अडचण येते ती नकाशावर एकच नाव शोधणाऱ्याला.

सुवर्णभूमीहून शहरात जायला एअरपोर्ट रेल लिंक सुमारे अर्ध्या तासात फाया थाई येथे पोहोचवते. टॅक्सीच हवी असेल, तर आत गाठ घालणाऱ्या दलालाकडे न जाता तळमजल्यावरील यंत्रातून चिठ्ठी घ्यावी आणि ती जपून ठेवावी, कारण वस्तू गाडीत राहिल्यास तीच उपयोगी पडते. मीटरच्या रकमेवर 50 बाथ (बाथ हे तिथले चलन) विमानतळ शुल्क आणि द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशानेच द्यायचा असतो, ही फसवणूक नव्हे. रस्त्यावरचा चालक मीटर लावायला तयार नसेल, तर वाद न घालता उतरून दुसरी गाडी पाहावी.

फसवणूक खरोखर होते ती ग्रँड पॅलेस या राजवाड्याच्या परिसरात. नीटनेटक्या कपड्यांतला एक सभ्य गृहस्थ सांगतो की आज समारंभामुळे राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे, तोवर टुकटुकने अगदी थोड्या पैशांत दोन-तीन मंदिरे पाहून या. त्या फेरीचा शेवट रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात होतो, कारण चालकाला तिथून दलाली मिळते. राजवाडा बंद आहे की नाही, हे फक्त प्रवेशद्वारावर जाऊन पाहावे. तिकीटविक्री दुपारी साडेतीनला संपते आणि दुपारचे ऊन कठीण असते, म्हणून सकाळी साडेआठला दार उघडतानाच पोहोचणे श्रेयस्कर. खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील, तर आत सोडत नाहीत. त्याच दिवशी वाट फो या मंदिरातील 46 मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती पाहून, ता तियेन धक्क्यावरून होडीने नदी ओलांडून वाट अरुण हे मंदिरही पाहता येते. या तिन्ही जागा वेगवेगळ्या दिवसांत विभागणे म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय.

शाकाहारी मंडळींची चूक अशी की ‘मांस नको’ एवढे सांगून ते निश्चिंत होतात. भाजीत माशांपासून केलेला खारट सॉस, म्हणजे नाम प्ला, आणि कोळंबीची पेस्ट सर्रास असते, आणि नूडल्सचे पाणी हाडांचे असते. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत ‘เจ’ लिहिलेले दिसले की ते ‘जे’ पद्धतीचे जेवण, ज्यात मांस, मासे, अंडी, दूध यांबरोबर कांदा-लसूणही नसतो. त्यात मांसासारखे दिसणारे तुकडे सोयाचे किंवा गव्हाच्या चिकाचे असतात, त्यामुळे दचकू नये.

पैशांबाबत एकच सांगायचे: तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी 200 बाथहून अधिक शुल्क लागते, म्हणून थोडे थोडे काढू नये, आणि यंत्राने रुपयांत रक्कम आकारू का असे विचारल्यास नकार देऊन बाथच निवडावा. ई-सिगारेट मात्र बॅगेतही नेऊ नये, ती तिथे बेकायदा आहे. अडचण आलीच, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे.

परतीच्या आदल्या दिवशी तिकिटावर विमानतळाचे नाव पुन्हा वाचावे. सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग हे दोन वेगळे विमानतळ शहराच्या दोन वेगळ्या टोकांना आहेत, आणि चुकीच्या ठिकाणी पोहोचल्यावर दुसरीकडे जायला रस्त्याने एक तास सहज लागतो, कोंडी असेल तर त्याहूनही अधिक.