जन्मतारीख आधी, मिथायलेशन नंतर

प्राइमेटच्या, म्हणजे माकडं-वानरांच्या, जैविक वयावर (शरीर किती म्हातारं झालंय त्यावर) काम करायचंय म्हणून येणारे विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा विचारतात, संगणकाची कोणती भाषा शिकू, आर की पायथन? मी त्यांनाच उलट विचारते: ज्या प्राण्यांचं रक्त तुमच्या हाती येणार आहे, त्यांची जन्मतारीख कोणी नोंदवली, आणि कशावरून? या क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालंय की कामाचा अर्धा दर्जा या एका उत्तरावर ठरतो.

मूळ कल्पना थोडक्यात सांगते. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिनच्या पुढे ग्वानिन असलेल्या जागांना आपण सीपीजी म्हणतो. तिथल्या सायटोसिनवर मिथाइल हा छोटा रासायनिक गट बसतो, यालाच मिथायलेशन म्हणतात. वय वाढतं तसं काही जागी मिथायलेशन वाढतं, काही जागी घटतं. २०१३ मध्ये संशोधक स्टीव्ह होर्वाथ यांनी अशा ३५३ जागांवरून माणसाच्या अनेक ऊतींचं वय सांगणारं सूत्र दिलं आणि तेच सूत्र चिंपांझींच्या नमुन्यांवरही बऱ्यापैकी चाललं. नात्यानं दूरच्या माकडांकडे जावं तशी त्याची अचूकता ढासळते. म्हणून पुढे ऱ्हीसस, व्हर्वेट, मार्मोसेट, बबून यांची स्वतंत्र एपिजेनेटिक घड्याळं, म्हणजे मिथायलेशनवरून वय सांगणारी अशी सूत्रं, तयार झाली. सस्तन प्राण्यांमध्ये जपल्या गेलेल्या सुमारे ३६ हजार जागांचं मिथायलेशन एकदम मोजणारी चिपही आली. तिच्या आधारे २०२३ मध्ये १८५ प्रजातींवरचं एकत्रित काम प्रसिद्ध झालं.

आता जन्मतारखेकडे वळू. घड्याळ शिकवताना आपण त्याला खरं वय देतो. ते वय दातांच्या झिजेवरून काढलेलं असेल, तर प्रौढ माकडात काही वर्षांची चूक सहज असते. अशा माहितीवर शिकलेलं घड्याळ एखाद्या नराला ‘तीन वर्षांनी म्हातारा’ म्हणतं तेव्हा तो खरंच लवकर म्हातारा होतोय की अंदाज बांधणाऱ्याची नजर चुकली, हे कोणत्याही सॉफ्टवेअरला सांगता येत नाही. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांवर १९७१ पासून निरीक्षण चालू आहे. तिथे जन्मलेल्या बहुतेक पिलांची जन्मतारीख काही दिवसांच्या फरकानं माहीत असते. पिढ्यान्‌पिढ्या उन्हात वही घेऊन हिंडलेल्या माणसांचं हे ऋण आहे आणि प्रयोगशाळेत बसणाऱ्या प्रत्येकानं ते मानलं पाहिजे.

त्याच बबूनांवरचा २०२१ चा अभ्यास मी नवीन मुलांना सर्वांत आधी वाचायला देते. कळपाच्या उतरंडीत वरच्या दर्जाचे नर त्यांच्या खऱ्या वयापेक्षा एपिजेनेटिकदृष्ट्या म्हातारे निघाले. काही नरांचे नमुने वेगवेगळ्या काळात घेतलेले होते, आणि दर्जा बदलला तसं हे अंतरही बदललेलं दिसलं. मला त्याहून मोलाचा वाटतो तो नकारात्मक निष्कर्ष. बालपणी अनेक संकटं भोगलेल्या माद्यांचं आयुष्य याच समूहात कमी भरतं, हे आधीच माहीत होतं. घड्याळात मात्र त्याची खूण सापडली नाही. म्हणजे आयुष्य घटवणारी प्रत्येक गोष्ट मिथायलेशनच्या या जागांवर उमटतेच असं नाही. हे मनात पक्कं झालं की पुढची सगळी वाचनं वेगळी वाटू लागतात.

घड्याळानं सांगितलेलं वय आणि खरं वय यांतलं अंतर काढतानाही काळजी घ्या. भाकीत वयातून खरं वय सरळ वजा करू नका. घड्याळ शिकवायला वापरतात ते इलॅस्टिक नेट हे सांख्यिकी तंत्र भाकितांना मध्याकडे ओढतं: तरुण थोडे म्हातारे दिसतात, म्हातारे थोडे तरुण. खऱ्या वयाचा परिणाम प्रतिगमनानं (रिग्रेशननं) काढून टाकल्यावर जे उरतं त्यावर बोला. नमुने शिकवण्यासाठी आणि चाचणीसाठी असे विभागताना एकाच प्राण्याचे दोन नमुने दोन्हीकडे जाऊ देऊ नका. शक्य असेल तर जवळचे नातलगही एकाच बाजूला ठेवा. नाहीतर अचूकता फुगलेली दिसते.

रक्ताबद्दल एक गोष्ट पुस्तकांत दोन ओळींत उरकलेली असते. रक्त म्हणजे अनेक पेशींचं मिश्रण, आणि प्रत्येक पेशीप्रकाराचं मिथायलेशन वेगळं. वयाबरोबर हे प्रमाण बदलतं. पण माकड पकडताना त्याला बसलेल्या ताणानंही न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर हलतं. म्हणून पकडल्यापासून रक्त काढेपर्यंत किती वेळ गेला ते लिहून ठेवा. प्रत्येक नमुन्याबरोबर रक्ताचा एक स्मिअर (पेशी मोजण्यासाठी काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थर) करायचाच, असा मी आग्रह धरते. विष्ठेतून काम भागेल का, असंही विचारतात. विष्ठेत यजमानाचा डीएनए फार थोडा असतो आणि तो मुख्यतः आतड्याच्या पेशींचा, त्यामुळे रक्तावर शिकलेलं घड्याळ तिथे तसंच लावता येत नाही.

प्रयोगशाळेत बायसल्फाइट प्रक्रिया शिकाल. तिच्यात मिथायलेशन नसलेला सायटोसिन शेवटी थायमिन हे दुसरं अक्षर म्हणून वाचला जातो. माणसांची चिप माकडांवर वापरली तर इथेच फसगत होते. त्या प्रजातीत त्या जागी मुळातच थायमिन असेल, तर यंत्र ‘मिथायलेशन शून्य’ सांगतं. विश्लेषणाआधी चिपवरचा प्रत्येक प्रोब (एकेक जागा ओळखणारा डीएनएचा तुकडा) त्या प्रजातीच्या जीनोमशी जुळवून न बसणारे काढून टाका. म्हातारे प्राणी एका प्लेटवर आणि तरुण दुसऱ्या प्लेटवर, असं तर कधीच करू नका, नाहीतर प्लेटांमधला फरक वयाचा वाटेल.

कागदपत्रांचं काम लवकर सुरू करा. माणूस सोडून सगळे प्राइमेट साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे त्यांचं रक्त सीमेपलीकडे न्यायलाही परवाने लागतात. मॅकाकांमध्ये (ऱ्हीसस ज्या गटातला त्या माकडांमध्ये) हर्पीस बी विषाणू असू शकतो आणि माणसाला तो जीवघेणा ठरू शकतो. सुरक्षेचं प्रशिक्षण झाल्याशिवाय त्यांच्या नमुन्यांना हात लावू नका, कितीही घाई असली तरी.

पहिला प्रकल्प म्हणून नव्या नमुन्यांच्या मागे धावू नका. सस्तन प्राण्यांच्या चिपची बरीच माहिती सार्वजनिक संग्रहात खुली आहे. तिच्यातले प्राइमेट निवडा, एक प्रजाती पूर्ण बाजूला ठेवून उरलेल्यांवर घड्याळ शिकवा आणि बाजूला ठेवलेल्या प्रजातीचं वय त्याला विचारा. वयाऐवजी त्या प्रजातीच्या कमाल आयुर्मानाशी असलेलं वयाचं गुणोत्तर वापरून पुन्हा करून बघा. मार्मोसेट विशीच्या आसपास थकतो, ऱ्हीसस फार तर चाळिशी गाठतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की चूक कुठे वाढते, कोणत्या ऊतीत वाढते ते दिसेल. ते आलेख घेऊन मार्गदर्शकाकडे जा.